झालं, का झालंच समजा?

मागच्या महिन्यात आमची ऋतुजा पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती. जेवायला बसलो आणि तिचा फोन वाजला. डावा हात कानाला, उजवा भाकरीला, आणि ती म्हणते, "अरे, वर्कर मेला असणार. काम घेतलं आणि मेला. बाकीचे जिवंत आहेत ना? मग त्यांच्यातल्या कुणाला तरी दे."

मंगलच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, हातातली पळी आमटीतच थांबली. "कोण गेलं गं?"

"कुणी नाही आई. मशीन."

मग तिने आम्हा दोघांना समजावून सांगितलं. एका मशीनला झेपणार नाहीत एवढी कामं असतात. ती एका रांगेत लावायची. वेगवेगळ्या ठिकाणची दहा-वीस मशीनं त्या रांगेकडे तोंड करून बसलेली असतात. जे मोकळं असेल त्याने पुढचं काम उचलायचं, गिऱ्हाइकाला ताटकळत न ठेवता मागच्या मागे करायचं, आणि कळवायचं. सगळी मेख म्हणे त्या कळवण्यात असते. काम हातात घेतल्यावर कळवायचं, की पुरं झाल्यावर?

"घेतल्याघेतल्या कळवलं आणि मशीन मेलं, तर ते काम कुठंच नसतं बाबा. रांगेतही नाही आणि झालेल्यातही नाही."

मी म्हणालो, "हे तर आक्काचं दुकान."

ऋतुजा हसली. मंगल हसली नाही. तिने न मागता माझ्या ताटात भात वाढला. तिने न मागता भात वाढला की मी गप्प बसायचं, असा आमच्या घरातला जुना करार आहे. त्या दिवशी मी तो पाळला. लिहिण्याबद्दल करारात काही म्हटलेलं नाही.

आक्का ही मंगलची थोरली बहीण. मेहुणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे एक हसू येतं, ते इथे आवरून घ्यावं. ही माझी मेहुणी माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, शिडशिडीत, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि चालायला अशी की ती निघून गेल्यावर तिच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. मला ती 'पावणं' म्हणायची. जावयाला आमच्याकडे पावणं म्हणतातच. पण तिच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ 'हा माणूस अजून कामाला लागलेला नाही' असा होता.

ती बसायची नाही. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, बोलता बोलता दारापर्यंत जाऊन रस्ता बघून यायची. आम्ही मंगलला बघायला गेलो तेव्हा पोहे झाले, चहा झाला, आणि माझ्या वडिलांनी रीतीप्रमाणे "कळवतो" म्हणून टोपी उचलली. आक्का दारात आडवी झाली.

"पसंत हाय का न्हाई ते आत्ताच सांगा, मामा. कळवतो म्हणू नका. कळवतो म्हणणाऱ्यांपायी आमच्या लाईनी अडकून पडत्यात."

वडील बावचळले आणि हो म्हणाले. माझं लग्न असं ठरलं. मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

लाईन हा तिचा शब्द एक्स्चेंजमधला. तरुणपणी ती घोडेगावला टेलिफोन ऑपरेटर होती. तेव्हा मुंबईला बोलायचं तर आधी नंबर लावून ठेवायचा आणि वाट बघत बसायचं. साधा कॉल मागे, अर्जंट पुढे, लायटनिंग त्याच्याही पुढे. कुणाची चिठ्ठी कितव्या नंबरला आहे हे आक्काला न बघता ठाऊक असे. नव्वदनंतर फोन आपोआप लागायला लागले. "मशीन आलं, मी उठले," एवढंच ती सांगायची. तिला पुण्यातल्या कचेरीत कागदांवर शिक्के मारायला बसवलं. बसवलं म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. ट्रंक कॉल संपले आणि आक्का आपली ट्रंक उचलून माहेरी, वारूळवाडीला आली. लग्न तिने केलं नव्हतं. का नाही, असं विचारणाऱ्याला ती सांगायची, "नंबर लावला व्हता. लागला न्हाई."

तिचा आणि मंगलचा भाऊ म्हणजे दादा. द्राक्षं, टोमॅटो, भरघोस मिशा आणि हायवेला लागून एक गाळा, असा कर्ता माणूस. त्या गाळ्यात आक्काने आधी एसटीडी बूथ चालवला. मग घरोघरी फोन आले, तेव्हा तिने लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग सुरू करायचं ठरवलं. दादा ऐकून घेईपर्यंत तिने एक कॉम्प्युटर आणलासुद्धा.

दादा म्हणाले, "क्रेटवाला गाळा मागतोय माझ्याकडं. तरी मी तुला देतो, भाडं नको. पण लगीन म्हंजे लोकांची अब्रू असती, आक्का. एक जरी लगीन हरवलं, एक जरी तक्रार माझ्या दारावर आली, तर चावी माझ्या हातात द्यायची."

"दिली," आक्का म्हणाली. तेवढ्यात ती दारापर्यंत जाऊन आली होती.

मिक्सिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण आता ते राहिलेलं नाही. गावोगावचे फोटोग्राफर लग्नाच्या कॅसेटी आणून द्यायचे. त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या, नको ते कापायचं, गाणी लावायची, नवरीचा चेहरा कमळातून उमलवायचा, नवरदेवाच्या मागे धबधबा सोडायचा. इथवर माणसाचं काम. मग ते सगळं एकजीव करायला मशीनला लावून द्यायचं. त्याला आम्ही 'शिजायला टाकणं' म्हणायचो. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची. एक लग्न शिजायला पंधरा-सोळा तास लागायचे, आणि लाईट मधेच गेली की पट्टी पुन्हा पहिल्यापासून. ते दिवस भारनियमनाचे. सलग सहा तास लाईट दिसली तर लोक एकमेकांना सांगायचे.

दुसरा कुणी असता तर जनरेटर घेता. आक्काने भारनियमनाचं वेळापत्रक घेतलं. तिच्या लक्षात आलं, की वारूळवाडीत लाईट जाते तेव्हा महाळुंगे पडवळला असते आणि दोन्हीकडे नसते तेव्हा डिंभ्याला असते. महाळुंगे पडवळला मी होतो, हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. घरी हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर होता, ज्यावर मी पत्ते खेळत असे. डिंभ्याला बबन होता, धरणाच्या वसाहतीजवळ टीव्ही दुरुस्त करणारा. लाईट असली की टीव्ही, नसली की मासे, असा त्याचा दिनक्रम. आक्काने आम्हाला दोघांनाही विचारलं नाही. आम्ही कामाला लागलो आहोत, एवढं कळवलं.

लग्नाचे तुकडे करायचे: हळद एक, लग्न एक, पंगत एक, पाठवणी एक. एकेक तुकडा छोट्या हार्डडिस्कवर भरायचा, डिस्क टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवायची आणि डबा दुधाच्या गाडीने नाहीतर एसटीने रवाना करायचा. जिथे लाईट तिथे डबा. गाळ्याच्या भिंतीवर मी तीन गावांचं वेळापत्रक तीन रंगांत काढून दिलं होतं. त्या तक्त्यात एका कोपऱ्यात मी शिवनेरीही काढला होता. आक्काने त्यावर कॅलेंडर लावलं.

प्रत्येक तुकड्याची एक चिठ्ठी असायची. सुरुवातीला ती भिंतीतल्या खिळ्याला टोचायची. जो मोकळा होईल त्याने फोन करायचा, आक्का वरची चिठ्ठी काढून काम सांगायची. महिनाभर उत्तम चाललं. मग एक दिवस नारायणगावचे कापडदुकानवाले शेठ आले आणि शांतपणे म्हणाले, "आक्का, लेक नांदायला गेली, सणाला माहेरी आली, परत गेली. सीडी काही आली नाही. आता बारशाबरोबरच देताय का?" आक्काने खिळा बघितला. शेठच्या लेकीची हळद सगळ्यात खाली होती. नवी चिठ्ठी वर बसत होती आणि वरचीच आधी निघत होती. जो आधी आला तो तळाला. त्याच दुपारी आक्काने खिळा उपटून आडवी तार बांधली. चिठ्ठी डावीकडून ओवायची, उजवीकडून काढायची. शेठना सीडी तिसऱ्या दिवशी पोचली, आणि तक्रार दादांपर्यंत न जाता चहावर मिटली.

आता 'झालंच समजा' बद्दल. आमच्या भागात काम अंगावर घेणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, शिंपी असो, वायरमन असो, तो म्हणेल, "झालंच समजा." त्याचा अर्थ अजून हात लावलेला नाही. "होतंय" म्हणजे विसरलो होतो. "झालं" म्हणजे आता सुरू करतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. ऐकणाराही मनातल्या मनात दोन दिवस वाढवून घेतो. आक्का वाढवून घ्यायची नाही. दिवसातून तीनदा तिचा फोन यायचा. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

"पावणं, झालं, का झालंच समजा?"

आणि मी उत्तर पुरं करायच्या आत ठेवून द्यायची. काम घेतलं की तारेवरची चिठ्ठी ती फक्त उलटी करायची. डबा घेतला म्हणजे काम झालं असं नाही. 'झालं' हा शब्द कानाने ऐकल्यावरच चिठ्ठी फाडायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो शब्द आला नाही, की उलटी चिठ्ठी सुलटी, आणि काम दुसऱ्याला. कुणावर राग नाही. "आजारी असंल, लाईट गेली आसंल, मासे धरायला गेला आसंल. लग्नानं का थांबायचं?"

एकदा मी शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि आत टॉवेलात गुंडाळलेली कुणाची तरी पंगत निघाली. माझी मेथीची भाजी आणि दोन भाकरी दुधाच्या गाडीने डिंभ्याला गेल्या होत्या. संध्याकाळी बबनचा फोन आला. "भाऊ, डबा मिळाला. काम झालं. लसूण जरा जास्त व्हता." आक्काने मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. दुसऱ्या दिवसापासून कामाच्या डब्यांना लाल दोरा.

दुसऱ्या एका लग्नाने आम्हाला खरं भिववलं. बबनचा फोन बंद पडला होता, त्यामुळे त्याचं 'झालं' पोचलं नाही. आक्काने चिठ्ठी सुलटी करून तेच काम मला दिलं. झालं असं, की ते लग्न दोघांनीही शिजवलं. एक सीडी नवऱ्यामुलाकडे गेली, एक नवरीकडे. बबनने जसं होतं तसं ठेवलं होतं. मी पडलो कलावंत. जी दृश्यं मला कलात्मक वाटली नाहीत ती मी काढून टाकली होती, आणि त्यांत नवरदेवाचे सख्खे मामा होते, चारही वेळा दात कोरताना. माझी सीडी गेली नवऱ्यामुलाकडे. म्हणजे मामा व्याह्यांच्या टीव्हीवर चारदा दिसत होते आणि स्वतःच्या भाच्याच्या टीव्हीवर एकदाही नाही. ते फेटा बांधून गाळ्यात आले.

"माझा आहेर दिसतो," मामा म्हणाले. "मी दिसत न्हाई."

आक्काने त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभी राहिली, आणि दिवसभर खपून मामांना परत लग्नात आणलं. सीडी घेऊन ती स्वतः त्यांच्या गावी गेली. परत आली ती थेट माझ्या घरी.

"पावणं, तुमाला कुणी सांगितलं व्हतं कापायला?"

"मला वाटलं..."

"वाटायचं न्हाई. कुणीबी शिजवलं, कितींदाबी शिजवलं, तरी भाजी तीच झाली पायजे. आता चिठ्ठीवर सगळं लिवलेलं आसंल. त्याच्यावर आपलं डोकं लावायचं न्हाई. आन् त्या बॅटरीचं काय झालं?"

बॅटरी म्हणजे माझ्या यूपीएसची. लाईट गेली तरी दहा मिनिटं मशीन चालू राहावं म्हणून ते खोकं असतं. माझं आतून मेलं होतं.

"बदललीच समजा," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मंगल मध्ये पडून म्हणाली, "आक्का, ताक घेतेस का?"

अशी दोन-तीन वर्षं गेली. एकही लग्न हरवलं नाही. चावी आक्काच्या कमरेलाच राहिली. तिने गाळ्यात दुसरं मशीन घेतलं, मग तिसरं. आणि मग दादांच्याच सोनालीचं लग्न निघालं.

त्या लग्नातली पाठवणी पाहिलेली माणसं अजून ती सांगतात. दादा दिवसभर ताठ होते. नवरीची गाडी हलली आणि त्या माणसाला काय झालं कोण जाणे. ते अनवाणी गाडीमागे धावले. दहा पावलं असतील, पंधरा असतील. मग रस्त्यातच उभे राहून, फेटा तोंडावर धरून, लहान पोरासारखे हमसले. कॅमेरावाला शेजारीच होता. पुढचे आठ-दहा दिवस दादा काही ना काही निमित्त काढून गाळ्यात डोकवायचे आणि जाता जाता विचारायचे, "ते शेवटचं नीट आलंय ना गं?"

"आलंय दादा. शिजतंय."

पाठवणीचा डबा माझ्याकडे आला होता.

त्या दिवशी आमच्या गावची जत्रा. दुपारी कुस्त्या. मी सकाळीच पाठवणी माझ्या मशीनमध्ये उतरवून शिजायला टाकली होती. तयार झालेली पाठवणी डब्यातल्या डिस्कवर भरायची, तर तिथे जागा कमी पडणार असं दिसलं. म्हणून मी त्या डिस्कवरची मूळ पाठवणी पुसून जागा करून ठेवली. माझ्या मशीनमध्ये होतीच की. चार वाजता पट्टी चौऱ्याण्णव टक्क्यांवर आली होती. दारात मित्र मोटरसायकलचा हॉर्न वाजवत होता. फोन वाजला.

"पावणं, झालं, का झालंच समजा?"

'झालंच समजा' म्हटलं असतं तर तिने मला पट्टी शंभरला जाईपर्यंत खुर्चीवरून उठू दिलं नसतं. मी म्हणालो, "झालं."

"सुरवातीपासनं शेवटपातूर बगितलं?"

"बघितलं."

"बरं केलं," ती म्हणाली. "दादा सकाळपासनं दोनदा येऊन गेला."

कुस्त्या चांगल्या झाल्या. मी परत आलो तेव्हा लाईट होती. पण मधे ती जाऊन आली होती. वेळापत्रकात नसताना गेली आणि आली ती दुप्पट जोराने. शेजाऱ्याचे दोन बल्ब उडाले होते. माझं मशीन गप्प होतं आणि खोलीत जळाल्याचा वास होता.

त्या संध्याकाळी मी आक्काला फोन केला नाही. मला वाटलं, आधी दुरुस्त करून घ्यावं, मग सांगावं. मंगलला मात्र सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता कर फोन." मी म्हणालो, सकाळी करतो. सकाळी मशीनचं खोकं पोत्यात घालून मी डिंभ्याची एसटी धरायला गेलो. ती दोन तास उशिरा आली. बबनने खोकं उघडलं, आतली डिस्क काढून नाकाला लावली.

"राव, ही जळालीय. हिच्यातनं आता काय निघत न्हाई." मग तो म्हणाला, "पण कॅसेट आसंल की आक्काकडं. सांगितलं का आक्काला?"

त्याच्याच दुकानातून मी फोन केला. सगळं सांगितलं, चौऱ्याण्णवसकट. ती ओरडेल म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला होता. ती ओरडली नाही.

"काल चारला तुमी झालं म्हणलं," ती सावकाश म्हणाली. "पाचला मी चिठ्ठी फाडली, माझ्या मशीनमधली पाठवणी पुसली. सहाला फोटोग्राफर कॅसेटी घेऊन गेला. लगीनसराई हाय, कॅसेटी पुरत न्हाईत त्याला. आज सकाळी त्याच्यावर दुसऱ्या कुणाची हळद बसली."

आदल्या संध्याकाळी फोन केला असता तर, हे ती बोलली नाही. त्याचा हिशेब मीच केला. एरवी आधी फोन ठेवणारी आक्का त्या दिवशी ठेवेना. शेवटी मलाच ठेवावा लागला.

पुढचा दीड महिना दादा विचारत राहिले आणि आक्का सांगत राहिली, "सोनाली येऊ दे. समदी मिळून बघू." आखाडात सोनाली माहेरी आली. वारूळवाडीच्या घरी सगळे जमलो. शेव-चिवडा झाला, टीव्हीसमोर सतरंज्या पडल्या. हळद झाली, लग्न झालं, पंगत झाली. पंगतीत मी वाढताना दिसलो तेव्हा सगळे हसले. मग पडदा निळा झाला.

"पुढचं?" दादा म्हणाले.

आक्का भिंतीशी उभी होती. "पुढचं गेलं, दादा."

"कुठं गेलं?"

"माझ्या दुकानातनं गेलं. पाठवणी न्हाई राहिली."

मी शेवेची बशी हातात धरून होतो. मंगल माझ्याकडे बघत होती आणि मी बशीकडे. आता बोलायचं, असं मी ठरवलं. आधी घास गिळू, मग बोलू.

दादा निळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे. घरचंच हाय. मी काय तक्रार करीत न्हाई."

"तू न्हाई करणार, दादा," आक्का म्हणाली. "मग मी करते." तिने कमरेची चावी काढून टीव्हीवर ठेवली.

"आक्का, वेडेपणा करू नकोस."

"एक जरी हरवलं तर, म्हणला व्हतास. कुणाचं हरवलं तर, आसं न्हाई म्हणलास."

माझा घास तोवर गिळून झाला होता. मी बोललो नाही.

आठ दिवसांत गाळ्यात टोमॅटोचे क्रेट लागले. मशीनं बबनकडे गेली. आक्काने सोनालीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायची यादी मागून घेतली आणि ती गावोगाव फिरू लागली. तेव्हा कॅमेऱ्याचा मोबाईल दहांत एखाद्याकडे असायचा. ज्यांच्याकडे होता त्यांना ती शोधून काढायची आणि विचारायची, पाठवणीच्या वेळचं काही आहे का. दिवाळीपर्यंत तिने तीन मोबाईलमधले तीन तुकडे मिळवले. बबनच्या मशीनवर जोडून त्यांचं पाऊण मिनिट झालं. सगळं हलतंय. निम्म्यात कुणाचा तरी अंगठा आहे. पण दादांची पाठ आहे आणि रस्त्यावरचे दोन अनवाणी पाय आहेत. दादांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "आक्का, गाळा खाली करून घेतो. तू ये परत."

"हे त्ये न्हाई, दादा," ती म्हणाली. "हे दुसरं हाय."

मग ती जुन्नरला मुलींच्या एका वसतिगृहात कामाला लागली आणि तिथेच राहिली. आता ती नाही. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

पण आक्का म्हटलं की मला ती जुन्नरची दिसत नाही. मला दिसते ती त्या यादीच्या दिवसांतली, श्रावणातल्या एका दुपारची. मी शाळेतून येऊन पडलो होतो आणि ती दारात आली. पिशवी खांद्याला, यादी हातात. बहुतेक नावांवर काट मारलेली होती.

"यादीत तुमचं नाव हाय, म्हणून विचारते," ती म्हणाली. "पाठवणीच्या टायमाला तुमी कुठं व्हता?"

"मांडवामागं. आचाऱ्याजवळ."

"तितनं गाडी दिसत व्हती?"

"नाही."

"मोबाईल?"

"नव्हता."

तिने माझ्या नावावर काट मारली. मी उठून उभा राहिलो. "आक्का, मी दादांना सांगतो. ते माझ्या हातून..."

"त्ये मी विचारलं न्हाई," ती म्हणाली, आणि पुढचं नाव वाचू लागली.

मंगलने पाणी आणलं. जेवून जा म्हणाली. आक्का पाणी प्यायली, तांब्या मंगलच्या हातात देताना तिने तिच्या मनगटावर क्षणभर हात ठेवला आणि म्हणाली, "कळंबला तिघं राहिल्यात. पाचला शेतावर जात्यात ती." निघालीसुद्धा.

मी चपला घालून मागे गेलो. फाट्यापर्यंत. मनात वाक्य जुळवलेलं होतं. ती फाट्यावर उभी राहून येणाऱ्या गाड्यांना हात करत होती. एक जीप माणसांनी भरलेली, ती थांबली नाही. मागून टेम्पो आला, त्याने वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला. तिसऱ्या गाडीची वाट न बघता आक्का कळंबच्या दिशेने चालू लागली, यादी उन्हाला आडवी धरून, भराभर. माझ्यात आणि तिच्यात वीस-पंचवीस पावलांचं अंतर असेल.

मी तिला हाक मारली की नाही, ते मला आता खात्रीने सांगता येत नाही. मारली होती, पण तिला ऐकू गेली नाही, असं मी घरी येऊन मंगलला सांगितलं.